गुलबदनचे बारा पीळ

“या बाईनं मला डोळा मारला होता बगा,” असं रेवणप्पा म्हणाला आणि हसीनाबीच्या हातातला तांब्या कलंडला. आता हसीनाबीच्या हातून तांब्या कलंडणं ही काही लहान गोष्ट नव्हे. त्र्याण्णव साली भूकंपाच्या पहाटे सगळं लातूर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर धावलं, तेव्हा ही बाई पिण्याच्या पाण्याचा भरला तांब्या हातात धरून जिना उतरली होती आणि थेंब सांडला नव्हता. गल्लीत अजून सांगतात. तोच हात आज रविवारी, सकाळच्या अकरा वाजता, जमीन जागची हललेली नसताना वाकडा झाला, आणि पाणी गेलं ते थेट किल्लारीहून जीपच्या टपावर बांधून आणलेल्या कोऱ्या गादीवर. गादी रेवणप्पाच्या नातीची, वैष्णवीची. अकरावीला सायन्स घेतलेली पोर, क्लासेसच्या मागच्या या गल्लीत राहायला कॉट बघायला आजोबाला घेऊन आली होती. या गल्लीत कुणी घर किती खणांचं असं विचारत नाही, किती कॉटचं असं विचारतात. हसीनाबीचं आठ कॉटचं, वर दोन वेळचा डबा, आणि भिंतीवर कुठं लिहिलेले नाहीत पण जिभेवर कायम तयार असलेले नियम: “ओले कपडे कठड्यावर न्हाई. डब्यात भाजी उरली तर मला तोंड दाखवायचं न्हाई. पोराशी बोलायचं तर माझ्यापुढं बोलायचं. घरच्यांनी भेटायचं तर रविवारी अकरा ते एक. आन रडायचं तर गच्चीवर. खाली एक रडली की बाकीच्या सात रडत्यात, मंग परीक्षा कोण देणार, मी?” एवढं सांगून ती दम घ्यायला थांबली, आणि तेवढ्यात रेवणप्पाची नजर ओसरीवर गेली. तिथं स्टुलावर गुलबदन बसली होती.

गुलबदन म्हणजे बाहुली. टिनाचं अंग, सागवानी हात, डोळ्यांच्या जागी काचेचे दोन मणी, डोक्यावर विटलेली हिरवी ओढणी आणि उंची बरोबर हसीनाबीएवढी, म्हणजे चार फूट आठ इंच. ती केली होती हसीनाबीच्या सासऱ्यानं, जहांगीर मिस्त्रीनं. गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. पाठीच्या पत्र्यावर त्याचं नाव अजून वाचता येत होतं. चावीचे बारा पीळ दिले की गुलबदन उजवा हात उचलून सलाम करायची, मान डावीकडं वळवायची, डाव्या हातातलं पानदान पुढं करायची आणि परत पहिल्यापासून. चार मिनिटं. भूकंपापासून ती पेटीतच होती. सुमय्यानं, म्हणजे हसीनाबीच्या नातीनं, बारावीचा अभ्यास सोडून ती याच आठवड्यात बाहेर काढली होती आणि आता पाठीचा पत्रा उघडून आत मोबाइलची बॅटरी मारून बघत बसली होती. रेवणप्पाचं बोलणं ऐकल्याबरोबर तिनं मान वर केली. “डोळा? नाना, खरंच?”

“खरं न्हाई तर काय. पासष्ट सालची माळेगावची जत्रा. वडलांसंगं लाल कंधारी खोंड बघायला गेलतो. रात्री तंबूतला सिनेमा. रीळ संपलं की दिवे लागायचे आन ही बाई पडद्यापुढं यायची. पब्लिकला सलाम केली, मान फिरविली, नजर माझ्यापाशी आली आन,” रेवणप्पानं आपला उजवा डोळा हळूच मिटून उघडला, “अशी. गावात कुणाला पटलं न्हाई. घरच्यांला बी न्हाई.” टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. “मंग त्र्याण्णवला घर अंगावर आलं. एक डोळा मातीत बुजला, एक उघडा. हात हलंना, पाय हलंना. तवा ही आठवली. म्हनलं, रेवण्या, एका डोळ्यानं बी हसता येतं. दुपारी फौजेच्या पोरांनी काढंस्तवर त्या एका डोळ्यावर काढले बगा आठ तास.” हे सगळं तो असा सांगत होता की जणू एसटी चुकल्याची गोष्ट. वैष्णवी खाली मान घालून ओल्या गादीवर टॉवेल दाबत होती. तिनं हे शंभर वेळा ऐकलं असणार. हसीनाबीला काहीतरी बोलायलाच हवं होतं. तोंड गप्प ठेवायची तिला सवय नव्हती, आणि बिनसवयीचं काम माणसानं घाईत करू नये. “टिनाला कुठं डोळा मारता येतो का हो, रेवणप्पा? तोंडभर शेंगा कोंबल्या की कायबी दिसतंय माणसाला.” रेवणप्पा हसला. “शेंगा तर खातच होतो मी,” तो म्हणाला, आणि हसता हसता हसीनाबीकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, शेंगांचं नाव त्या माणसानं काढलंच नव्हतं.

दुपारी ती भेंडी चिरायला बसली. आठ पोरींची भेंडी म्हणजे चांगली टोपलीभर. हात आपले चालतात आणि मन हिंडायला मोकळं. तिचं मन तसं हिंडणारं नव्हे. ज्याच्या तोंडाला कुलूप नाही त्याच्या मनात फारसं साठत नाही, असं ती लोकांना सांगायची, आणि ते खरंही होतं, एक गोष्ट सोडून. ती एक गोष्ट तिनं इतकी खोल पुरली होती की तिच्यावर संसार उभा राहिला, फरहान जन्मला, नवरा गेला, कॉटा आल्या, आणि कधीकधी तिलाच वाटायचं की असं काही झालंच नव्हतं. आणि आज किल्लारीचा एक म्हातारा आला आणि उकरून म्हणतो काय, डोळा मारला. भेंडीचं देठ उडालं. तिला हसू फुटलं. मग घाबरल्यासारखं झालं. मग परत हसू.

सोळा वर्षांची होती ती. जळकोटहून लग्न होऊन लातुरात आली तेव्हा जहांगीर मिस्त्रीच्या घरात पहिल्या रात्री झोप लागली नाही, भिंतीवर अकरा घड्याळं आणि अकरांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सासरा कमी बोलायचा. हैदराबादेत कुण्या नवाबाच्या घड्याळात दर तासाला एक एवढासा माणूस दार उघडून यायचा, घंटा वाजवायचा आणि जायचा. ते घड्याळ दुरुस्त करायला तरुणपणी गेला आणि तो एवढासा माणूस याच्या डोक्यात बसला तो बसलाच. पाच वर्षं खपून गुलबदन केली. आणि तिचं काम निघालं ते कुठं, तर तंबूत. महादेवप्पाची टुरिंग टाकी होती, गावोगाव फिरणारा सिनेमा, आज मुरुड, उद्या उदगीर, जत्रेला माळेगाव. मशीन एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढवायला चार मिनिटं लागायची, आणि अंधारात बसवलेलं पब्लिक चार मिनिटांत तंबूचे खुंटे उपटू शकतं. म्हणून त्या चार मिनिटांना गुलबदन. मशीनवर हसीनाचा नवरा, अम्मार. चावी द्यायला सासरा. अम्मार रीळ चढवायचा, बाप चावी भरायचा, आणि दोघांच्या मध्ये टिनाची ती बया सगळ्या मराठवाड्याला सलाम करायची. हसीना पडद्यामागं चूल मांडून बसायची आणि कपड्याच्या फटीतून बघायची. बघून बघून तिला गुलबदन अशी पाठ झाली की रात्री भाकरी थापताना ती तिची नक्कल करायची. सलाम, मान, पानदान. नुसती नक्कल नव्हे. उजवा हात खांद्यापाशी पोहोचला की एका चाकाचा दाता मोडलेला होता, तिथं गुलबदन अडखळायची, खट्, आणि मग पुढं जायची. हसीना ते खट् सुद्धा करायची. अम्मार हसून हसून पालथा पडायचा. सासऱ्यानं कधी बघितलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

माळेगावला तिसऱ्या दिवशी स्प्रिंग तुटली. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि बारा पीळ एका दमात सुटून गुलबदनचा हात असा फिरला की पानदान पहिल्या रांगेत जाऊन पडलं. स्प्रिंग हैदराबादेहून येणार, म्हणजे आठ दिवस. जत्रा होती पाच दिवसांची. महादेवप्पा म्हणाला, मिस्त्री, बाहुली नसंल तर तुमी बी नका राहू. बाहेर घोड्यांचा, उंटांचा, पिपाण्यांचा कल्लोळ चाललेला, आणि जहांगीर मिस्त्री तंबूच्या मागं खाली मान घालून उभा. मग त्यानं मान वर केली आणि सुनेकडं बघितलं. त्या नजरेची गंमत हसीनाबीला आजही आठवली की अंगावर काटा यायचा. त्यात सून नव्हती, बाई नव्हती. चाकाचं माप बघावं तसं त्या माणसानं तिला वरून खाली मोजलं. “बेटी,” तो म्हणाला, “वो खट् भी आता ना तेरेकू?”

तोंडाला सफेदा फासला, वर लालीचे गोल, गुलबदनची ओढणी, गुलबदनची कुडती. दोन्ही बाजूला गॅसबत्त्या. पाठीमागं सासरा, त्याच्या हातात एका मोडक्या भिंतघड्याळाचा खटका. तो पिळायचा आणि पब्लिकला वाटायचं चावी भरतोय. एक, दोन, तीन. हसीनाला ते पीळ पाठीच्या कण्यात ऐकू यायचे. बारावा झाला की तिच्यातली पोर जायची. कुठं जायची कोण जाणे. पण हात उचलला जायचा तो तिनं उचललेला नसायचा, मान वळायची ती आत कुठंतरी चाक फिरल्यासारखी, आणि खांद्यापाशी दाता यायचा, खट्, आणि हजार माणसं श्वास धरून. असं सुख तिला नंतर ना लग्नात मिळालं ना लेकरात, हे ती कुणाला सांगणार? जहांगीर मिस्त्रीची सून चारचौघात पडद्यापुढं उभी राहिली म्हणून कळलं असतं तर लातुरात त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. आणि एक सल असा होता की तो सल आहे हेही तिनं मान्य केलं नव्हतं. सासरा पाठीमागं, त्याला दिसायची तिची पाठ. अम्मारचे हात रिळात, त्याला टाळ्या ऐकू यायच्या आणि बस. हजार परक्या माणसांनी तिला बघितलं आणि घरच्या एकानंही नाही.

आणि पाचव्या रात्री, शेवटच्या खेळाला, मान डावीकडं वळली आणि पहिल्या रांगेत तो बसला होता. विशीतलं पोर, घोंगडी पांघरलेलं, तोंड उघडं आणि त्या उघड्या तोंडात अर्धी चावलेली भुईमुगाची शेंग, टरफलासकट. बाकीची माणसं आश्चर्य करत होती. हा देव बघत होता. हसीनाच्या आत इतकं हसू आलं की ते कुठूनतरी बाहेर पडायलाच हवं होतं. हसली असती तर सगळं संपलं असतं. म्हणून डोळ्यातून सोडलं. एवढंच. एक पापणी.

तंबूत अशी आरोळी उठली की बाहेरचे उंट बिथरले. गोष्ट जत्राभर वाऱ्यासारखी पसरली: गुलबदन डोळा मारते. आणि मग सुरू झाली सासऱ्याला शिक्षा. स्प्रिंग आली, खरी गुलबदन परत उभी राहिली, आणि मुरुडात लोक ओरडले, डोळा मार. उदगिरात ओरडले, डोळा मार. टिनाची बाई सलाम करत राहिली. खरी बाहुली लोकांना खोटी वाटायला लागली. एका संध्याकाळी जहांगीर मिस्त्रीनं सुनेला विचारलं, “बेटी, लोगां बोलते, डोळा मारली म्हणून. तू मारली क्या?” आणि तिनं भाकरीवरची नजर न काढता सांगितलं, “न्हाई अब्बा. लोकांला कायबी दिसतंय.” तो “हां” म्हणाला आणि गेला. परत कधी विचारलं नाही. मरेपर्यंत संध्याकाळी गुलबदनपाशी काहीतरी खुटखुट करत बसायचा, एवढं मात्र तिला दिसायचं.

सुमय्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि तिचा आठवडा आनंदात चालला होता. नांदेडच्या एका कॉलेजात एकेका मिनिटाच्या सिनेमांची स्पर्धा होती, पुढच्या सोमवारी पाठवायचा शेवटचा दिवस, आणि पोरीच्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. तिचा बाप फरहान झेरॉक्सच्या दुकानातून जेवायला आला की ओरडायचा, “अम्मी, सांगा हिला. बायोलॉजीत बेडूक फाडायचा असतो, बाहुली न्हाई.” हसीनाबी म्हणायची, “तू बारावीला तीनदा बसला होतास, बेटा. डाळ वाढ स्वतःला.” आणि पोरीपाशी जाऊन बसायची. सुमय्या स्क्रू काढता काढता सांगायची, दादी, फ्रान्सात एक जादूगार होता, त्यानं अशाच चावीच्या बाहुल्यांचं नाटकघर विकत घेतलं होतं. मग त्याच्या हातात कॅमेरा आला. एकदा रस्त्यावर सिनेमा काढताना त्याचं मशीन अडकलं, मिनिटभरात सुटलं, आणि घरी येऊन बघतो तर पडद्यावर माणसांनी भरलेली बग्गी चालली होती तिची एकदम मढ्याची गाडी झाली! “म्हणजे मशीन अडखळलं म्हणून जादू सापडली, दादी. खट् झालं म्हणून. आजचे सगळे मोठे सिनेमे त्या एका खट्मधून निघालेत. आणि आपल्याकडच्या पहिल्या सिनेमावाल्यानं कुंडीत दाणा पेरून रोज थोडे थोडे फोटो घेतले, आणि पडद्यावर झाड सरसर उगवलं. तो पण छापखान्यातला, कारागीर माणूस. आपल्या पणजोबासारखा.” हसीनाबी ऐकायची. फ्रान्स तिला ठाऊक नव्हतं, शाळा दुसरीत सुटलेली. पण मशीन अडखळलं आणि त्यातून जादू निघाली हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, सासऱ्याचं नाव पत्र्यावर कोरलेलं आहे, ते या वयात आपण पुसायचं का? रेवणप्पाच्या एका डोळ्यावरचे आठ तास आठवायचे. त्याच पहाटे, तांब्या घेऊन ती परत घरात आली तेव्हा पेटी उलटली होती आणि गुलबदन आडवी पडून, उरलेल्या पिळांवर, भिंतीला सलाम करत होती. ती आणि अम्मार पोट धरून हसले होते. किल्लारीचं नंतर कळलं, आणि त्या हसण्याची लाज तिनं आजवर बाळगली होती. आता तिला वाटलं, त्याच घटकेला तिथं मातीत एक माणूस तिच्याच पापणीवर जगत होता. मग ते हसणं अगदीच वाया गेलं नसेल.

शनिवारी दुपारी ओसरीवरून करवतीचा आवाज आला. लोखंड कापायची करवत, शेजारच्या वेल्डिंगवाल्याची. हसीनाबी पिठाचे हात घेऊन धावली. सुमय्यानं गुलबदन आडवी घातली होती, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मानेच्या सांध्याला करवत लावली होती.

“ए पोरी! काय करायलीस?”

“दादी, सापडली! डोळ्याची कळ सापडली. गळ्यातून मोबाइल आत घालून फोटो काढला. पण ती तुटलेली आहे, आणि डोक्याला चौफेर झाळून डाग दिलाय. कापल्याशिवाय हात जात नाही. तो डोळा चालू झाला ना, तर माझा सिनेमा झाला. त्या नानांनी सांगितलं तस्सा.”

“दाखव.”

मोबाइलच्या काचेवर सगळं गंजकं, अंधारं. मग सुमय्यानं बोटांनी मोठं केलं. गुलबदनच्या कपाळाच्या आतल्या बाजूला, उजव्या काचेच्या मण्यावर, चामड्याचा नखाएवढा तुकडा. पापणी. तिला बारीक तार, तार एका पितळी दांडीला, आणि दांडी कशालाच नाही. तुटलेली नव्हती ती. कधी जोडलीच गेली नव्हती. आणि फक्त उजव्या डोळ्याला. हसीनाबीनं मारला होता तोही उजवाच. हे पब्लिकमधल्या कुणी सासऱ्याला सांगितलं असेल? असेलही. पण दांडीचं टोक असं वाकवलेलं होतं की पापणी पूर्ण मिटू नये, अर्धी मिटून थरथरावी. हसू दाबताना तिची पापणी अजून तशीच थरथरते, आणि हे घरात राहणाऱ्यालाच दिसतं. ती पिठाच्या हातानं मोबाइल धरून तशीच बसली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ती “न्हाई अब्बा” म्हणाली त्या दिवशीही ठाऊक होतं. तिनं गुलबदनची नक्कल केली, आणि मग उरलेला सगळा जन्म तो माणूस गुलबदनला तिची नक्कल शिकवत बसला. जमलं नाही. पाच वर्षांत टिनाची बाई उभी करणाऱ्या मिस्त्रीला त्याच्या सुनेची एक पापणी जमली नाही! हसीनाबी हसायला लागली. आधी बारीक, मग खदाखदा, मग ओढणी तोंडात कोंबून. सुमय्या घाबरली. “दादी? पाणी आणू?”

“करवत ठेव खाली. ती कळ तिच्यात न्हाई.”

“मग कुठंय?”

“माझ्यात हाय,” हसीनाबी म्हणाली, आणि भेंडी, भाकरी, आठ कॉट सगळं बाजूला सारून, सत्तेचाळीस वर्षांचं एका बैठकीत सांगितलं. संपल्यावर सुमय्यानं गुलबदनचं डोकं मांडीवरून हळूच उतरवलं, ओढणी नीट केली आणि म्हणाली, “करून दाखवा.”

“अगं, वय बघ माझं.”

“ते खट् करून दाखवा.”

हसीनाबीनं उजवा हात उचलला. खांद्यापाशी आला. खट्. सुमय्या किंचाळलीच, अशी की वरच्या आठही पोरी जिन्यात आल्या.

मग रविवारचं ठरलं. जादूगाराचीच युक्ती: आधी खरी गुलबदन बसवायची, तिला चालवायचं, मोबाइल जागचा न हलवता थांबवायचं, गुलबदन उचलायची, त्याच खुणेवर त्याच कपड्यात दादी बसवायची आणि परत चालू. बघणाऱ्याला टिनाची बाई बघता बघता जिती झालेली दिसणार. हसीनाबीनं अटी घातल्या. एक, फरहानला आधी सांगायचं नाही, नंतर सांगायचं म्हणजे त्याला ओरडायला काही उरणार नाही. दोन, पत्र्यावरचं नाव सिनेमात दिसलं पाहिजे. तीन, “डोळा मारणार न्हाई. ते वय गेलं. सलाम, मान, पानदान, बस.” सुमय्याचं तोंड उतरलं, कारण डोळ्यावरच तर सिनेमा होता, पण दादीच्या नियमांपुढं या गल्लीत कुणाचं काही चालत नाही.

रविवारी साडेदहाला ऊन ओसरीत आलं. उभ्या केलेल्या एका कॉटच्या पायाला सुमय्यानं ओढणीनं मोबाइल बांधला, स्टुलाभोवती खडूनं रेघा मारल्या. शिवणाच्या मशीनचं तेल पिऊन गुलबदन तरतरीत झाली होती. तिनं आपलं काम चोख केलं, खट्सकट. मग तिला दोन पोरींनी उचलून आत नेलं. वैष्णवीनं आपली पावडर हसीनाबीच्या तोंडाला फासली. “आजी, गुदगुल्या होतात का?” “बाहुलीला काय गुदगुल्या गं.” पाठीमागं वैष्णवीच बसली, हातात सासऱ्याच्या भिंतघड्याळाची जुनी चावी. एक. दोन. हसीनाबीला वाटलं होतं काही होणार नाही, गुडघे दुखतील, हसू येईल, कुकरची शिटी आठवेल. पाचव्या पिळाला पाठीच्या कण्यात काहीतरी सरळ झालं. नवव्याला ओसरी गेली, गल्ली गेली. बाराव्याला तिच्यातली त्रेसष्ट वर्षांची बाई उठून कुठंतरी निघून गेली आणि हात वर आला, तिनं उचललेला नव्हता. खांदा. खट्. समोर सुमय्या होती. घरची. आणि ती बघत होती, मोबाइलच्या काचेतून नव्हे, काचेवरून, तोंड उघडं टाकून.

मान डावीकडं वळायला लागली. चौकट, जिना, जिन्यातल्या पोरी, आणि फाटक. फाटकात रेवणप्पा. रविवारी अकरा ते एक भेटायची वेळ, त्याच्याच तोंडावर सांगितलेला नियम. मेला नेमका वेळेवर आला होता. हातात नातीसाठी भाजलेल्या शेंगांची पिशवी, आणि वाटेत त्यातलीच एक तोंडात. तो जागीच थांबला. ओढणी बघितली, पानदान बघितलं, पावडरीचं तोंड बघितलं. जबडा हळूहळू खाली आला, आणि त्यात, सत्तेचाळीस वर्षांनी, दात कमी झालेल्या तोंडात, अर्धी चावलेली शेंग. टरफलासकट. हसीनाबीच्या पोटातून हसू निघालं ते छातीत आलं, गळ्यात आलं, आणि बाहुलीनं हसायचं नसतं. ते कुठूनतरी बाहेर पडायलाच हवं होतं. तिची उजवी पापणी थरथरत अर्धी खाली आली, आणि वर गेली.

रेवणप्पानं शेंग गिळली. “नाकावर घाम आलाय, भाबी,” तो हळू आवाजात म्हणाला. “तवा बी असाच व्हता. आमी थंडीनं घोंगडीत कुडकुडत, आन टिनाच्या बाईच्या नाकावर घाम.”

पानदान पुढं येत होतं. ओठ न हलवता, गुलबदनच बोलावी तसं, हसीनाबी म्हणाली, “मंग टिनाची बाई, टिनाची बाई करत सगळीकडं कशाला सांगत फिरलास रे, मुडद्या?”

“मिस्त्री मागं उभा व्हता की. त्याचं नाव जायचं.” त्यानं टोपी काढली. “पण मातीत होतो तवा टिन न्हाई आठविलं. घामच आठविला.”

“दादी, हलू नका,” सुमय्या कुजबुजली. तिचा आवाज ओला होता आणि हसतही होता. “चालू आहे अजून.”

हे तिला सांगायची गरज नव्हती. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता, गुदगुल्या करत होता, आणि तिनं तो पुसला नाही. तिनं आत मोजलं. सात पीळ संपले होते, पाच उरले होते. हसीनाबीनं हात परत उचलला.